अंगाच्या रंगावरून मांजराची जात का ठरत नाही, आणि मग काय पाहावे

बेळगावात मांजराला पहिल्या लशीसाठी दवाखान्यात नेले की एक कार्ड भरावे लागते. त्या कार्डावर दोन रकाने शेजारीशेजारी असतात. सरकारी दवाखान्यातला कागद कन्नडमध्ये असेल तर एका रकान्यावर ‘तळि’, म्हणजे जात, आणि दुसऱ्यावर ‘बण्ण’, म्हणजे रंग, असे लिहिलेले असते. आपल्यापैकी बहुतेक जण दुसऱ्या रकान्याकडे पाहून पहिला भरतात. पांढरे आणि केसाळ असेल तर पर्शियन, राखाडी असेल तर रशियन ब्लू, तोंड-कान-शेपटी काळसर असेल तर सयामी, अंगावर ठिपके असतील तर बेंगाल, असे हिशेब शहापूरपासून निपाणीपर्यंत मी पुष्कळ घरांत ऐकले आहेत. पिल्लू विकणाराही बहुधा हाच हिशेब सांगतो आणि त्यावर पैसे घेतो. हा हिशेब कुठे चुकतो आणि मांजर समोर असताना प्रत्यक्षात काय पाहावे, हे इथे क्रमाने मांडले आहे.

आधी जात या शब्दाचा अर्थ स्पष्ट करून घ्यावा. आपल्या भागातला शेतकरी पांढरा बैल दिसला म्हणून त्याला खिल्लार म्हणत नाही. शिंगांची ठेवण, कपाळ, मान, पायांची उंची हे सगळे पाहतो आणि शेवटी कोणाच्या दावणीचा आहे तेही विचारतो. मांजराच्या बाबतीत मात्र तोच माणूस केवळ रंगावर विसंबतो. मांजराची जात म्हणजे माणसाने पिढ्यान्‌पिढ्या निवडून, नोंद ठेवून जपलेले कूळ होय. अशी नोंद ठेवण्याची पद्धत फार जुनी नाही. मांजर माणसाजवळ आले त्याला सुमारे दहा हजार वर्षे झाली, पण मांजरांचे पहिले मोठे प्रदर्शन लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये भरले ते १८७१ मध्ये, आणि जातींची नोंद ठेवणाऱ्या संस्था त्यानंतरच्या आहेत. अमेरिकेतली कॅट फॅन्सियर्स असोसिएशन १९०६ मधली आणि टिका, म्हणजे इंटरनॅशनल कॅट असोसिएशन, १९७९ मधली. जगातली बहुसंख्य मांजरे या नोंदींच्या बाहेरच आहेत. आपल्या गल्लीतली, भाताच्या वखारीतली, गुऱ्हाळावरची मांजरे कोणत्याही जातीची नाहीत, आणि त्यात त्यांचे काही उणे नाही.

आता रंगाकडे येऊ. मांजराच्या केसांत मुळात दोनच रंगद्रव्ये असतात, एक काळे आणि एक तांबडे. आपल्याला दिसणारे राखाडी, मलई, तपकिरी, पट्टेरी, तिरंगी असे सगळे प्रकार म्हणजे ही दोन रंगद्रव्ये किती, कुठे आणि कशी पसरली याचे निकाल आहेत. हे पसरणे काही थोडी जनुके ठरवतात. चेहऱ्याची आणि हाडांची ठेवण ठरवणारी जनुके वेगळी असतात, त्यामुळे रंग एकीकडे आणि बांधा दुसरीकडे असे सहज होते.

राखाडी मांजर हे याचे सर्वांत सोपे उदाहरण आहे. एका जनुकाच्या दोन्ही प्रती बदललेल्या असल्या की काळे रंगद्रव्य केसात एकसारखे न पसरता गुठळ्यांनी साठते आणि काळा केस डोळ्यांना राखाडी दिसतो. त्याच बदलाने तांबडा केस मलईच्या रंगाचा होतो. रशियन ब्लू, कोरात, शार्त्रू आणि ब्रिटिश शॉर्टहेअर या चार वेगळ्या देशांतल्या जाती राखाडी आहेत त्या याच एका जनुकामुळे, आणि खडेबाजारातल्या दुकानाच्या पायरीवर झोपलेले राखाडी मांजरही त्याचमुळे राखाडी आहे. मग त्या जाती एकमेकींपासून वेगळ्या कशा ओळखतात? रशियन ब्लूची लव दाट व दुहेरी असते आणि डोळे हिरवे असतात. कोरातची लव एकेरी, चेहरा पत्त्यांतल्या बदामाच्या आकाराचा. शार्त्रूचे डोळे तांब्यासारखे. ब्रिटिश शॉर्टहेअरचे डोके गोल आणि गाल भरलेले. यातले एकही लक्षण अंगाच्या रंगाचे नाही. शिवाय हा बदल दोन्ही पालकांकडून यावा लागत असल्याने, दिसायला काळ्या असलेल्या आई-बापांच्या पोटीही राखाडी पिल्लू जन्मते.

सयामीबद्दलचा गैरसमज आपल्याकडे सर्वांत पक्का आहे, म्हणून त्यावर थोडे थांबतो. आमच्या घरी आलेली मांजरी खानापूर तालुक्यातल्या एका नातेवाइकांच्या घरची. तिची आई साधी पट्टेरी, बाप कोण ते कोणालाच ठाऊक नाही. पिल्लू मात्र अंगाने मळकट पांढरे, तोंड, कान, पाय आणि शेपटी काळसर, डोळे निळे. येणारा प्रत्येक जण तिला सयामी म्हणे आणि कितीला आणली ते विचारी. तिच्या तोंडावर नीट पाहिले तर पुसट पट्टे होते, म्हणजे आईची पट्टेरी नक्षी तिच्यातही होती, फक्त अंगाच्या उबदार भागावर ती उमटत नव्हती.

ही रंगसंगती येते ती काळे रंगद्रव्य तयार करणाऱ्या एका विकराच्या दोषामुळे. हा विकर शरीराच्या नेहमीच्या उष्णतेत नीट काम करत नाही. जिथे कातडी थंड असते तिथेच करतो. कान, नाक, पाय आणि शेपटी हे थंड राहणारे भाग, म्हणून तिथे रंग चढतो. आईच्या पोटात ऊब असल्याने अशी पिल्ले जवळजवळ पांढरी जन्मतात आणि पुढच्या काही आठवड्यांत रंग धरतात. आमच्या मांजरीची नसबंदी झाली तेव्हा कुशीवरचे केस भादरले होते. ते पावसाळ्यात उगवले ते गडद, कारण उघडी पडलेली कातडी गार होती. पुढे केस गळून नवे आले तेव्हा तो चौकोन पुन्हा फिकट झाला. ज्यांच्याकडे असे मांजर आहे त्यांनी असा डाग पाहून घाबरू नये.

हा बदलही लपून राहणारा आहे. आई-बाप दोघेही पट्टेरी किंवा काळे असून प्रत्येकाजवळ त्याची एकेक प्रत असेल, तर त्यांच्या चार पिल्लांमागे साधारण एकात तो दिसू शकतो. हीच रंगसंगती हिमालयन, बिरमन, रॅगडॉल या जातींतही आहे. म्हणून काळे तोंड आणि निळे डोळे पाहून एवढेच म्हणता येते की या पिल्लाला दोन्ही बाजूंनी तो बदल मिळाला आहे. आजच्या नोंदणीकृत सयामीचे डोके लांब पाचरीसारखे, कान मोठे आणि बुडाशी रुंद, अंग सडपातळ, शेपटी चाबकासारखी निमुळती असते. गोल डोक्याच्या आणि जाड मानेच्या मांजराला सयामी म्हणण्याआधी थांबावे.

निळ्या डोळ्यांबद्दल एक गोष्ट इथेच सांगतो, कारण पिल्लू विकताना याचा फार उपयोग केला जातो. जवळजवळ सगळ्याच पिल्लांचे डोळे सुरुवातीला निळसर असतात आणि साधारण सहा-सात आठवड्यांनंतर खरा रंग येऊ लागतो. महिन्याभराच्या पिल्लाचे निळे डोळे दाखवून कोणी जातीचे नाव घेत असेल तर त्याला महत्त्व देऊ नये.

पट्टेरी मांजराला ‘टॅबी जातीचे’ म्हणणे हीसुद्धा चूकच आहे. टॅबी हे नक्षीचे नाव आहे. कपाळावर इंग्रजी एम अक्षरासारखी खूण, गालांवर रेषा आणि अंगावर माशाच्या काट्यासारखे पट्टे ही नक्षी मांजराच्या रानटी पूर्वजांपासून चालत आलेली आहे, त्यामुळे ती कोणत्याही कुळात दिसते. तांबड्या मांजरांत तर ती लपवताच येत नाही. एकरंगी करणारे जनुक तांबड्या रंगद्रव्यावर चालत नसल्याने प्रत्येक तांबड्या बोक्याच्या कपाळावर, पुसट का होईना, ती खूण सापडते.

तांबडा आणि तिरंगी हा भाग मला सर्वांत रंजक वाटतो, कारण इथे रंगावरून जात कळत नाही, पण दुसरे काहीतरी नक्की कळते. तांबड्या रंगाचा बदल एक्स गुणसूत्रावर असतो. बोक्याकडे एकच एक्स असल्याने तो एकतर तांबडा असतो किंवा नसतो. मांजरीकडे दोन असतात. एकावर तांबड्याचा बदल आणि दुसऱ्यावर नसला, तर तिच्या अंगावर काळे आणि तांबडे दोन्ही ठिपके येतात. कारण मादीच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एक एक्स लवकरच निष्क्रिय होतो, आणि कोणत्या पेशीत कोणता हे योगायोगाने ठरते. ही कल्पना ब्रिटिश शास्त्रज्ञ मेरी लायन यांनी १९६१ मध्ये उंदरांवरून मांडली होती. त्या तांबड्या बदलाचे नेमके स्थान मात्र फार उशिरा सापडले. एक्स गुणसूत्रावरच्या एका जनुकाजवळचा, डीएनएच्या सुमारे पाच हजार अक्षरांचा तुकडा गळालेला असतो, हे अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड आणि जपानमधल्या क्युशू विद्यापीठांतल्या संशोधकांनी २०२५ मध्ये प्रसिद्ध केले.

याचा घरगुती उपयोग असा. काळी-तांबडी किंवा तिरंगी मांजर दिसली की ती मादी आहे असे जवळजवळ खात्रीने म्हणावे. असा बोका सुमारे तीन हजारांत एखादा आढळतो आणि त्याच्याकडे बहुधा एक जादा एक्स असतो, त्यामुळे तो सहसा वांझ असतो. भाटी तांबडी आणि बोका काळा असेल तर सगळी नर पिल्ले तांबडी आणि सगळ्या माद्या काळ्या-तांबड्या निघतात. उलट भाटी काळी आणि बोका तांबडा असेल तर नर काळे आणि माद्या काळ्या-तांबड्या. यात कुठेही जातीचा संबंध नाही. तिरंगी मांजराला जपानी बॉबटेल म्हणून विकल्याचे मी ऐकले आहे. त्या जातीची ओळख तिच्या आखूड, गोंड्यासारख्या शेपटीत आहे, रंगात नाही.

ठिपक्यांची जागा योगायोगाने ठरते याचा मोठा पुरावा टेक्सासमध्ये मिळाला. तिथल्या ए अँड एम विद्यापीठात डिसेंबर २००१ मध्ये जगातले पहिले क्लोन केलेले मांजर जन्मले. मूळ मांजर तिरंगी होते, क्लोन मात्र पट्टेरी-पांढरे निघाले, त्याच्या अंगावर तांबडे काहीच नव्हते. सगळी जनुके तीच असूनही रंग जुळला नाही. मग केवळ रंग जुळतो म्हणून दोन मांजरांना एका कुळात घालणे किती धोक्याचे, हे यावरून लक्षात यावे. एकाच वेतातली पिल्ले चार रंगांची असतात यातही विशेष काही नाही. एका वेताला एकाहून अधिक बाप असू शकतात.

काळ्या मांजराला ‘बॉम्बे’ म्हणणाऱ्यांना वाटते की ही मुंबईकडची जात असावी. ती अमेरिकेत केंटकी राज्यात, विसाव्या शतकाच्या मध्यावर, बर्मीज आणि काळी अमेरिकन मांजरे यांच्या संकरातून तयार झाली. आपल्याकडच्या काळ्या बिबट्याची आठवण म्हणून तिला ते नाव दिले गेले. तिचे डोळे तांब्याच्या रंगाचे आणि केस अंगाला चिकटलेले, चकचकीत असतात. आपले काळे मांजर उन्हात बसून किंवा आहारातल्या प्रथिनांच्या उणिवेने तांबूस दिसू लागले तर जात बदलली असे न समजता त्याच्या खाण्याकडे लक्ष द्यावे. फक्त भात-दूध खाणाऱ्या मांजरांत हे दिसले तर मासे, अंडी, मांस वाढवावे.

पर्शियनबद्दल मुख्य गोष्ट एवढीच की लांब केस हाही लपून राहणारा गुण आहे आणि आखूड केसांच्या आई-बापांना लांब केसांचे पिल्लू होऊ शकते. पर्शियन जवळजवळ सर्व रंगांत असते, म्हणून पांढरेपणा हा कोणत्याच बाजूचा पुरावा नाही. बाजारात चालणारे ‘डॉल फेस’, ‘सेमी पंच’, ‘पंच फेस’ हे शब्द नाक किती बसके आहे याच्या दराच्या पायऱ्या आहेत, त्या वेगळ्या जाती नाहीत. खऱ्या पर्शियनचे डोके गोल व मोठे, कान लहान आणि दूरदूर, पाय आखूड व जाड, अंग बुटके असते. नाक जितके बसके तितका श्वासाचा आणि डोळे गळण्याचा त्रास अधिक, हे घेण्याआधी लक्षात ठेवावे. केस विंचरण्याची गरज मात्र जातीवर नाही, केसांवर ठरते; लांब केसांच्या देशी मांजरालाही रोज फणी फिरवावी लागते.

ठिपकेदार मांजराची गोष्ट आपल्या भागात केवळ पैशांची राहत नाही, म्हणून ती काळजीपूर्वक वाचावी. बेंगाल ही जात घरगुती मांजर आणि आशियाई बिबट-मांजर यांच्या संकरातून अमेरिकेत तयार झाली. तिच्या अंगावर गडद कडेचे, आत फिकट भरलेले ठिपके असतात; आपल्या गल्लीतल्या पट्टेरी मांजराचे तुटलेले पट्टे ठिपक्यांसारखे दिसतात, ते वेगळे. पण चिक्कोडी, हुक्केरी, गोकाक या बाजूला ऊसतोड सुरू झाली की फडात कधी कधी ठिपकेदार किंवा मातकट पट्ट्यांची पिल्ले सापडतात आणि कोणीतरी ती ‘बेंगाल’ म्हणून घरी नेतो. ती वाघाटीची किंवा रानमांजराची असण्याची शक्यता असते. वाघाटी हे जगातल्या सर्वांत लहान रानटी मांजरांपैकी एक असून ते भारत, श्रीलंका आणि नेपाळ एवढ्याच देशांत आढळते. पूर्ण वाढलेली वाघाटीही गावातल्या मांजरापेक्षा लहान असते. रानमांजराचे पाय लांब, शेपटी आखूड आणि टोकाशी काळी कडी असलेली असते, आणि त्याच्या पिल्लांच्या अंगावरचे पट्टे मोठेपणी पुसट होतात. पश्चिम घाटाच्या जंगलात बिबट-मांजर आहे. त्याच्या कानांच्या मागच्या बाजूला पांढरा ठिपका असतो.

ही सर्व रानटी मांजरे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहेत आणि त्यांना घरी ठेवता येत नाही. फडात अशी पिल्ले दिसली तर हात न लावता त्या जागेची तोड थांबवावी, माणसे दूर करावीत आणि वनखात्याला कळवावे. आई बहुधा जवळच असते आणि रात्री येऊन पिल्ले उचलून नेते. शंका असेल तर ‘आधी घरी आणू, मग बघू’ असे करू नये, कारण माणसाळलेले पिल्लू पुन्हा रानात सोडणे फार अवघड होते.

आता प्रत्यक्ष पाहण्याचा क्रम सांगतो. सर्वांत आधी कागद मागावा. नोंदणीकृत पिल्लाबरोबर आई-बापांच्या नावांसह वंशावळीचे प्रमाणपत्र असते. ‘आई पर्शियन आहे’ हे तोंडी वाक्य खरे मानले तरी बाप कोण हा प्रश्न उरतोच. दुकानातून घेत असाल तर २०१८ च्या पाळीव प्राणी दुकान नियमांप्रमाणे दुकानाला राज्य प्राणी कल्याण मंडळाची नोंदणी लागते. ती पाहावी आणि पावती घ्यावी. कागद नसेल तर जातीच्या नावाचे पैसे देऊ नयेत, मग पिल्लू कितीही देखणे असो.

त्यानंतर मांजर बाजूने पाहावे, समोरून नव्हे. कपाळापासून नाकापर्यंतची रेष सरळ आहे, खळगा पडलेली आहे की बसकी आहे, ते बाजूनेच कळते. कानांची जागा व रुंदी, अंगाची लांबी, पायांची जाडी आणि शेपटीचे टोक पाहून झाले की मगच केसांत बोटे घालून ते एकेरी आहेत की आत दाट लव आहे ते तपासावे. रंग अगदी शेवटी पाहावा. पिल्लू तीन महिन्यांचे असेल तर हे सगळे सहा महिन्यांनी पुन्हा पाहावे, कारण लहानपणी सगळीच पिल्ले मोठ्या कानांची आणि बारीक अंगाची दिसतात. मांजरीला गाभण असताना ताप आला असेल तर पिल्ले रुपेरी केसांची जन्मतात आणि पुढे खरा रंग धरतात, हेही ध्यानात असू द्यावे.

रंगाकडे एका बाबतीत मात्र गंभीरपणे पाहावे. पूर्ण पांढऱ्या मांजरात बहिरेपण अधिक असते. दोन्ही डोळे निळे असलेल्या पांढऱ्या मांजरांत ते शंभरात ६५ ते ८५, एकच डोळा निळा असेल तर सुमारे ४०, आणि डोळे अन्य रंगाचे असतील तर १७ ते २२ इतके आढळते. पिल्लू झोपलेले असताना त्याच्या मागे, नजरेच्या बाहेर उभे राहून किल्ल्यांचा जुडगा वाजवावा. पाय आपटू नये आणि वारा लागू देऊ नये, नाहीतर ते हादऱ्याने जागे होईल आणि आपली फसगत होईल. बहिरे मांजर रस्त्यावर सोडू नये, त्याला गाडी ऐकू येत नाही. तसेच पांढऱ्या कानांच्या मांजराच्या कानाच्या कडेला उन्हाने कर्करोग होऊ शकतो. मार्च ते मे या महिन्यांत दुपारी त्याला सावलीत ठेवावे आणि कडेवर न भरणारी खपली दिसली तर लगेच डॉक्टरांना दाखवावे.

कार्ड भरताना ‘तळि’च्या रकान्यात कागद नसेल तर ‘देशी, आखूड केस’ किंवा ‘देशी, लांब केस’ असे निःसंकोच लिहावे. ‘बण्ण’च्या रकान्यात मात्र कंजुषी करू नये, कारण मांजर हरवले तर त्या वर्णनावरूनच ते शोधले जाते. आमच्या मांजरीच्या कार्डावर असे लिहिले आहे: देशी, आखूड केस, मादी, नसबंदी झालेली, अंग मळकट पांढरे, तोंड, कान, पाय, शेपटी काळसर, तोंडावर पुसट पट्टे, डोळे निळे, उजव्या कानाच्या टोकाला बारीक चीर.